दूध सोसत नाही, तिखट बाधतं आणि लग्नात ओठ सुजले: यातली ॲलर्जी कोणती?

नमस्कार. तुमच्या प्रश्नात बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून मला कळलं ते आधी मांडतो. तुमचं वय ३६, राहणं नागपूरला. दूध प्यायलं की तासा-दीड तासात पोट गुडगुडतं, गॅस होतो, कधी पातळ होतं. दही-ताक मात्र चालतं. तर्री पोहे किंवा सावजी रस्सा खाल्ला की चेहरा लाल होतो, घाम फुटतो, नाक गळतं आणि रात्री छातीत जळजळ होते. गेल्या महिन्यात एका लग्नात जेवल्यावर अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतल्यावर उतरलं. त्यानंतर रक्ताची 'नव्वद पदार्थांची' तपासणी केली, तिच्यात दूध, गहू, हरभरा, वांगी, शेंगदाणा आणि अंडं लाल रंगात आलं. आता हे सगळं बंद आहे, वजन उतरतंय, आणि ॲलर्जी रक्तात असते म्हणून सात वर्षांच्या मुलीचंही दूध बंद केलंय. विचारता आहात की हे आयुष्यभर असंच पाळायचं का.

नाही. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी दिसतात. दुधाची तक्रार न पचण्याची आहे, तिखटाची तक्रार म्हणजे पदार्थाचा शरीरावर होणारा सरळ परिणाम, आणि लग्नातली घटना ही खरी, गंभीर ॲलर्जिक रिॲक्शन होती. तुम्ही सगळ्यात जास्त काळजी पहिल्या दोनची करता आहात आणि तिसरीवर 'इंजेक्शनने बरं वाटलं' म्हणून पडदा टाकला आहे. मला ते उलट व्हायला हवं आहे. शिवाय ज्या रिपोर्टवर सगळं पथ्य उभं आहे, त्याने या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही.

हे मी तुम्हाला न तपासता, तुम्ही लिहिलेल्या हकिकतीवरून सांगतो आहे. तुम्हाला दमा असेल, ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर काही सल्ले बदलतात. यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

अन्नाची तक्रार घेऊन कुणी आलं की मी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवून चार गोष्टी विचारतो. खाल्ल्यापासून किती वेळाने त्रास झाला? किती खाल्लं होतं? तोच पदार्थ दरवेळी तसाच बाधतो का? आणि त्रास शरीरात कुठे झाला, नुसत्या पोटात की त्वचा, श्वास, आवाज यांतही? निदानाचा मोठा भाग इथेच होतो, तपासणी फक्त त्यावर शिक्का मारते.

यामागचं कारण ॲलर्जी घडते कशी यात आहे. खऱ्या अन्न-ॲलर्जीत शरीराने त्या पदार्थातल्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच बनवून ठेवलेली असतात. ती त्वचा, श्वासनलिका आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसलेली असतात. पदार्थ पोटात गेला की या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात, हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम बाहेर येतात. म्हणून त्रास काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. म्हणूनच थोड्याशा प्रमाणानेही होतो, कधी चमचाभरानेही. आणि म्हणूनच एकाच वेळी अंगावर गांधी, उलटी, खोकला, सूज असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. न पचण्याच्या तक्रारीत प्रतिपिंडांचा संबंधच नसतो. तिथे त्रास पोटापुरता राहतो, प्रमाणानुसार कमी-जास्त होतो, थोडं खाल्लं तर चालूनही जातं. ती त्रासदायक असते, पण जिवावर बेतत नाही.

आता तुमचं दूध घेऊ. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेचार ते पाच ग्रॅम. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. बाळपण सरल्यावर ते कमी होत जाणं ही माणसाची सर्वसाधारण रीत आहे. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांचं तसंच होतं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून गॅस होतो आणि पाणी ओढलं गेल्याने पातळ होतं. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून तुमचा त्रास तासा-दीड तासाने.

दही-ताक चालतं हा तुमच्या हकिकतीतला सगळ्यात मोलाचा धागा आहे. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी काही लॅक्टोज खाऊन टाकलेलं असतं आणि त्यांचं एन्झाइम आतड्यातही काम करतं. दुधाची प्रथिनं मात्र दह्यात जशीच्या तशी असतात. तुम्हाला दुधाची ॲलर्जी असती तर वाटीभर दह्याने गांधी उठल्या असत्या. दही निर्धास्त खाता म्हणजे दुधाची ॲलर्जी नाही, रिपोर्टात काहीही लाल असो.

दूध पूर्ण सोडायची गरजही बहुधा पडणार नाही. लॅक्टोज कमी पचणाऱ्या बऱ्याच लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, जेवणासोबत घेतलं तर फारसा त्रास न होता चालतं. तेच रिकाम्या पोटी चालत नाही. चहात ५० मिलिलिटर दूध असेल तर त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतं. पनीरचं बरंचसं निवळीत निघून जातं. खवा मात्र दूध आटवून केलेला, त्यामुळे १०० ग्रॅम खव्यात २० ग्रॅमहून जास्त लॅक्टोज भरतं. पेढे-बर्फी दोन-चार खाल्ल्यावर पोट बिघडतं ते यामुळे. गायीचं सोडून म्हशीचं घेतलं, किंवा ए-टू म्हणून महागडं दूध आणलं, तरी लॅक्टोज तेवढंच असतं.

तपासायचं असं. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम, दूध पावडर असलेली बिस्किटं बंद. दही-ताक-तूप चालू. पोट शांत झालं तर तीन दिवस रोज ५० मिलिलिटर दूध जेवणाबरोबर, मग तीन दिवस १००, मग २००. ज्या पायरीवर गुडगुडायला लागेल तिच्या एक पायरी खाली तुमची मर्यादा. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर दोष लॅक्टोजचा नाही, दूध पुन्हा सुरू करा आणि कारण दुसरीकडे शोधा. श्वासातला वायू मोजणारी ब्रेथ टेस्ट असते, पण हकीकत इतकी स्पष्ट असताना मी सहसा ती सांगत नाही. एक गोष्ट मात्र विचारीन: हा त्रास मोठ्या जुलाबांच्या आजारानंतर सुरू झाला का? आतड्याचं अस्तर खरचटलं की लॅक्टेज काही आठवड्यांपुरतं कमी होतं आणि पुन्हा भरून येतं. अशांनी दूध कायमचं सोडण्याचं काही कारण नाही.

तर्री पोहे आणि सावजीबद्दल थोडक्यात. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या, नाकातल्या आणि अन्ननलिकेतल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं. चेहरा लाल होणं, घाम, नाक गळणं हे त्याचं थेट काम. ते कमी-अधिक सगळ्यांनाच होतं. वर तरंगणारा तेलाचा तवंग पोट रिकामं व्हायला उशीर लावतो, अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते आणि आडवं झालं की आम्ल वर येतं. तर्रीतल्या हरभऱ्यात लहान आतड्यात न पचणाऱ्या साखरा असतात, त्यांचा गॅस वेगळा. वडाभात, पाटोडी, झुणका यांनी पोट फुगतं तेही याच साखरांमुळे. खात्री करायची असेल तर एक दिवस नुसते उकडलेले हरभरे, मीठ-लिंबू घालून, वाटीभर खा. गांधी, सूज, खोकला काही आलं नाही तर हरभऱ्याची ॲलर्जी नाही. फक्त ही परीक्षा लग्नातल्या घटनेचा छडा लागल्यानंतर करा, त्याआधी नको. त्या जेवणात बेसनाची कढी होती असं तुम्ही लिहिलं आहे.

अळू किंवा सुरण खाल्ल्यावर घसा खवखवतो त्यालाही लोक ॲलर्जी म्हणतात. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते नुसते टोचतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं की हे थांबतं. संत्र्याच्या दिवसांत लहान मुलांच्या तोंडाभोवती लाली येते ती बहुतेक वेळा आंबट रस कोवळ्या कातडीला लागल्याने. पुसलं की तासाभरात जाते. वांग्याचं जरा वेगळं आहे. वांग्यात मुळातच काही हिस्टामिन असतं, त्यामुळे भरीत खाल्ल्यावर ओठ-जीभ चुरचुरणं बऱ्याच जणांना होतं आणि ते निरुपद्रवी असतं. पण वांग्याची खरी ॲलर्जीही असते. चुरचुर तोंडापुरती आहे की घसा आवळतो, अंगावर येतं, हे पाहून ठरवावं लागतं.

आता लग्न. गांधी आणि सुजलेले ओठ इथवरच असतं तर मी एवढा आग्रह धरला नसता. आवाज घोगरा झाला याचा अर्थ घशाच्या आतही सूज आली होती. त्वचा आणि श्वासमार्ग दोन्ही एकाच वेळी सापडले की त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, मग ते एका इंजेक्शनने उतरलेलं असलं तरी. पुढच्या वेळी ते इतकंच सौम्य राहील याची हमी नसते.

आज रात्रीच एक काम करा. वही घेऊन त्या दिवशी त्रास सुरू होण्याआधीच्या चार तासांत पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. पानावरचे पदार्थ तर लिहाच, पण स्वागताचं सरबत, मुखवास, पान, तोंडात टाकलेली गोळी, सगळं. प्रत्येक पदार्थ फोडून लिहा. तुम्ही 'वांग्याची भाजी' लिहिलंत, पण लग्नाच्या भाजीत वांग्याबरोबर शेंगदाणा-तिळाचं कूट, खोबरं, खसखस असतं. 'संत्रा बर्फी' म्हणजे संत्र्याचा गर, साखर, खवा, बहुतेकदा रंग, वरून काजू किंवा पिस्ता. आणि मिठाईच्या कारखान्यात तीच कढई, तोच झारा कालच्या काजूकतलीलाही वापरलेला असतो. पुऱ्या गव्हाच्या, कढी बेसनाची, मठ्ठा दह्याचा.

यादी झाली की त्या घटनेनंतर त्रास न होता तुम्ही जे जे खाल्लं आहे ते खोडा. तुम्ही दही खाता, मठ्ठा खोडा. खवाही बहुतेक गेला, प्रथिनं तीच. रिपोर्ट यायच्या आधी मधल्या दिवसांत घरी वांगी केली होती का? शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती का? खाऊन काही झालं नसेल तर तेही खोडा. खोडण्याचा हा पुरावा कुठल्याही लॅबपेक्षा भक्कम असतो. उरतील ते दोन-तीन पदार्थ खरे संशयित. तुमच्या यादीत काजू-पिस्ता, तीळ आणि खसखस उरतील असा माझा अंदाज आहे, कारण रोजच्या जेवणात ते नसतात आणि तुमच्या त्या नव्वदच्या लाल यादीतही ते नाहीत.

पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, ती तुम्हाला बिनमहत्त्वाची वाटली असावी: सकाळी पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी घेतली होती, आणि जेवण झाल्यावर वरातीत नाचलात. माझ्या मते ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गटातल्या गोळ्या दोन प्रकारे गोंधळ घालतात. एक, काही लोकांना या गोळ्यांनीच गांधी आणि ओठांची सूज येते, अन्नाचा काही दोष नसतो. दोन, एरवी चालणारा पदार्थ या गोळीमुळे किंवा अंगमेहनतीमुळे बाधतो, कारण त्या वेळी आतड्यातून प्रथिनं जास्त शोषली जातात आणि मास्ट पेशी लवकर पेटतात. गव्हाच्या बाबतीत हे चांगलं नोंदवलेलं आहे: पोळी रोज खाऊन काही होत नाही, पण खाल्ल्यानंतर चार तासांच्या आत धावलं, नाचलं, वर गोळी किंवा दारू असली, तर ॲनाफिलॅक्सिस होतो. यासाठी ओमेगा-फाइव्ह ग्लायडिन या गव्हातल्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई तपासतात. म्हणजे गहू खोडताना 'रोज खाते' एवढा पुरावा पुरत नाही, गोळी आणि मेहनत असतानाही खाल्ला होता का, हे पाहावं लागतं.

म्हणून छडा लागेपर्यंत या गटातली एकही गोळी घेऊ नका. मेडिकलच्या दुकानातून 'अंगदुखीची गोळी' मागताना नाव वाचा; बऱ्याच मिश्र गोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक असतं. अशा लोकांना ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल सहसा चालतं, तरी पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून घ्या. जेवल्यावर चार तास व्यायाम नको. आणि ब्लड प्रेशरसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तेही सांगा. त्या गोळ्यांनी, कधी काही महिने घेतल्यानंतरही, ओठ-जीभ सुजते. तिथे गांधी मात्र नसतात.

पंगतीत आणखी कुणाला झालं का, हेही विचारा. पाच-सहा जणांना एकदम उलट्या-जुलाब झाले तर ती विषबाधा. समुद्राची मासळी खाल्ल्यावर दोन-चार जणांचे चेहरे एकदम लाल झाले, डोकं ठणकलं, धडधडलं, तर मासळीत साठलेल्या हिस्टामिनचा तो परिणाम. बांगडा, टूना यांसारख्या माशांचा बर्फ वाटेत कमी पडला की जिवाणू हे हिस्टामिन तयार करतात आणि ते शिजवून जात नाही. नागपूरसारख्या समुद्रापासून लांबच्या शहरात हे लक्षात ठेवायला हवं, कारण अशा माणसाला उगाचच जन्मभर मासे बंद सांगितले जातात. तुमच्या बाबतीत जेवण शाकाहारी होतं आणि त्रास एकट्या तुम्हालाच झाला, म्हणून हे बाद.

तुमच्या रिपोर्टबद्दल. त्यावर 'आयजीजी' लिहिलं आहे की 'आयजीई', एवढं आधी बघा. नव्वद-शंभर-दोनशे पदार्थांच्या बहुतेक पॅनेल आयजीजीच्या असतात. आयजीजी म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे एवढंच. जे आपण नेहमी खातो त्याचं ते वाढलेलं असणं स्वाभाविक आहे. दूध, गहू, हरभरा, वांगी, शेंगदाणा: हा तर वैदर्भी घराचा रोजचा स्वयंपाक आहे. अन्न-ॲलर्जी किंवा न पचणं ओळखण्यासाठी ही तपासणी वापरू नये असं युरोप, अमेरिका आणि कॅनडा इथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी स्पष्ट सांगितलं आहे. लग्नातल्या घटनेचे संशयित सोडले, तर या रिपोर्टवरून बंद केलेला एकही पदार्थ मी बंद ठेवणार नाही.

रिपोर्ट आयजीईचा असला तरी नुसत्या आकड्यावर जाता येत नाही. ०.३५ च्या वर गेलं की लॅब 'पॉझिटिव्ह' छापते, पण त्याचा अर्थ शरीरात त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत इतकाच. पॉझिटिव्ह आलेले कितीतरी लोक तो पदार्थ मजेत खातात. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांत शेंगदाणा, गहू असे पदार्थ नुसत्या साम्यामुळे पॉझिटिव्ह येतात. एकूण आयजीई तर जंत, दमा, एक्झिमा कशानेही वाढतं. त्यावरून अन्नाबद्दल काहीच ठरवू नका.

योग्य क्रम असा: घटनेनंतर चार ते सहा आठवडे जाऊ द्या, मग ॲलर्जीचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे ती खोडलेली यादी घेऊन जा आणि उरलेल्या संशयितांपुरतीच स्किन प्रिक टेस्ट (पदार्थाच्या अर्काचा थेंब हातावर ठेवून तिथे सुई टोचतात) किंवा आयजीई करा. प्रिक टेस्टआधी सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिनसारख्या अँटिहिस्टामिन (ॲलर्जी शमवणाऱ्या) गोळ्या ५ ते ७ दिवस बंद लागतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. १५ मिनिटांनी पाहतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या ठिपक्यापेक्षा फोड ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा असेल तर पॉझिटिव्ह. वांग्यासारख्या पदार्थाला बाटलीतला अर्क नेहमी भरवशाचा नसतो, तिथे ताज्या फोडीत सुई टोचून तीच हातावर टोचतात. तरीही शंका राहिली तर दवाखान्यात, सगळी तयारी ठेवून, अगदी थोड्यापासून वाढवत तो पदार्थ खायला देतात. अखेरचा निकाल तोच. संशयित पदार्थाचा हा प्रयोग घरी कधीही करू नका. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्ससारख्या मोठ्या ठिकाणी जाणार असाल तर या टेस्ट कुठल्या विभागात आणि कोणत्या दिवशी होतात ते आधी विचारून निघा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

गव्हाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण तुम्ही तो आधीच सोडला आहे. पोटाच्या तक्रारीसाठी गहू सोडून बरं वाटलं तर तीन शक्यता असतात: गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या साखरा न सोसणं (मग कांदा-लसणानेही तसंच होतं), पोळीबरोबर कमी झालेलं तेल-मैदा, किंवा सीलिअॅक आजार. सीलिअॅक हा ॲलर्जीपेक्षा वेगळा आहे. त्यात ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं, रक्त कमी होतं, वजन उतरतं. त्याची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. आधी काही आठवडे सोडला असेल तर ती निगेटिव्ह येऊन फसवते. लग्नातल्या घटनेत गहू निर्दोष ठरला तर पोळी पुन्हा सुरू करा, आणि पोट त्यानंतरही त्रास देत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर पोळी खात असतानाच ही तपासणी करा. सीलिअॅक निघाला तर ज्वारीची भाकरी आणि भात हा आपला आधार आहेच, पण फोडणीतला हिंगही बघावा लागतो: बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो.

हे सगळं होईपर्यंतचं पथ्य अगदी छोटं आहे. त्या गोळ्या बंद, जेवणानंतर मेहनत बंद, आणि यादीत उरलेले संशयित बंद. आत्ता काजू-पिस्ता किंवा तीळ उरले असतील तर सुटी मिठाई खाऊ नका, तिच्यावर काय घातलं ते लिहिलेलं नसतं. पाकीटबंद मालावर मात्र वाचता येतं: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन आणि १० मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा जास्त सल्फाइट हे घटक वेगळे नमूद करावे लागतात. तिळाचा या यादीत समावेश नाही, म्हणून तिळासाठी घटकांची पूर्ण यादी वाचा. शेंगदाणा उरला असेल तर लाकडी घाण्याचं तेलही टाळा. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं.

पुन्हा तसं झालं तर काय करायचं हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. नुसत्या गांधी असतील तर सेट्रिझिनची गोळी घ्या आणि दोन तास कुणीतरी जवळ थांबा. आमसुलाचं पाणी लावल्याने थंड वाटतं, लावायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. आवाज बदलला, घसा आवळला, दम लागला, खोकल्याची उबळ थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या चोवीस तास उघड्या असलेल्या दवाखान्यात न्या, आणि पोचल्याबरोबर 'ॲनाफिलॅक्सिस वाटतंय, ॲड्रेनॅलिन द्या' असं स्पष्ट म्हणा. प्रौढाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं ॲड्रेनॅलिन अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. मुलांना वजनावर, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. एव्हिल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन नंतर देता येतं, पण घशाची सूज आणि पडलेलं ब्लड प्रेशर त्याने वेळेत सावरत नाही. तुम्हाला लग्नाच्या दिवशी नेमकं कोणतं इंजेक्शन दिलं ते कागदावर असेल तर पाहून ठेवा.

तोवर पेशंटला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. अचानक उभं केल्याने रक्तदाब कोसळतो आणि त्यातच जीव जाण्याचा धोका असतो. बरं वाटल्यावरही किमान चार ते सहा तास दवाखान्यात थांबा, कारण काही जणांना ते पुन्हा उसळतं. तपासणीत ॲलर्जी पक्की झाली तर जवळ बाळगायचं ॲड्रेनॅलिन डॉक्टर लिहून देतील. आपल्याकडे ते बहुधा ॲम्प्यूल आणि सिरिंज या रूपात मिळतं, म्हणून भरायचं कसं आणि टोचायचं कुठे हे तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी दोघांनीही त्यांच्यासमोर करून पाहा.

गांधी जर आता रोज किंवा दिवसाआड, काहीही खाल्लं तरी उठत असतील आणि सहा आठवडे उलटले असतील, तर ते वेगळंच प्रकरण आहे. त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. त्यात अन्नाचा हात क्वचितच असतो आणि पदार्थ सोडून ते जात नाही. तिथे त्वचारोगतज्ज्ञ नियमित अँटिहिस्टामिनवर ठेवतात.

आता मुलगी. ॲलर्जीकडे झुकण्याची प्रवृत्ती घराण्यात असू शकते, पण विशिष्ट पदार्थाची ॲलर्जी आईकडून मुलीकडे अशी जात नाही, आणि तुम्हाला दुधाची ॲलर्जी मुळात दिसतच नाही. ती बंद करायच्या दिवसापर्यंत रोज दूध पीत होती आणि तिला काहीही होत नव्हतं, तर आज संध्याकाळपासून द्या. अर्धा पेला द्या, उद्या पूर्ण. तिला एक्झिमा असेल, म्हणजे कोपराच्या-गुडघ्याच्या लवणीत सतत खाज-चट्टे असतील, तर मात्र थांबा आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून त्यांच्यासमोर सुरू करा, कारण अशा मुलांत पदार्थ महिनोन्‌महिने तोडला की आधी सोसणारा पदार्थही पुन्हा दिल्यावर बाधण्याची शक्यता असते. तोवर कॅल्शियमसाठी नाचणी चालू ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दही तिने कधी सोडलंच नसेल तर मात्र कुणाला विचारायचीही गरज नाही: दुधाची प्रथिनं ती रोज खातेच आहे, पेला भरून द्या.